कॉलऱ्याचं मदतकार्य: दवाखान्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत

कॉलऱ्याच्या साथीची खबर आली की मुलांसाठी काम करणाऱ्या मदतसंस्थेची धावपळ आज साधारण ठरलेल्या क्रमाने होते. ओआरएसची (पाण्यात कालवून पाजायच्या साखर-मिठाच्या पुडीची) पाकिटं, रिंगर लॅक्टेट या शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या, क्लोरीन, पाण्याच्या टाक्या गोदामातून निघतात. उपचार केंद्राचे तंबू उभे राहतात. वस्त्यांमध्ये ओआरएस पाजण्याची छोटी ठिकाणं सुरू होतात, रुग्णाच्या शेजारपाजारच्या घरांत पथक जातं आणि लशीसाठी मागणी नोंदवली जाते. या यादीतली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या साथीत माणसं हकनाक गेल्यावर शिकलेली आहे. ती कुठून आली हे माहीत असलं की घाईगर्दीत काय टाळून चालणार नाही, हेही कळतं.

आधी मुलांचं गणित. तीव्र कॉलऱ्यात शरीराच्या दर किलोमागे तासाला 10 ते 20 मिलिलिटर पाणी जुलाबावाटे जाऊ शकतं. दहा किलोच्या मुलाचं एक लिटर पाणी गेलं की ते मरणाच्या दारात असतं, आणि तेवढं पाणी पाच ते दहा तासांत जातं. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी डोळे खोल गेलेलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहणारी, रडतानाही डोळ्यांत पाणी नसलेलं असं दिसतं. जिथे कॉलरा वर्षानुवर्षं मुक्कामाला असतो तिथे सर्वाधिक फटका पाच वर्षांखालच्या मुलांना बसतो, कारण मोठ्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. तो नव्याने शिरतो तिथे लहानथोर सगळेच सापडतात.

कॉलऱ्याची पहिली जागतिक साथ 1817 मध्ये बंगालमधून निघाली. लंडनच्या सोहो भागात 1854 मध्ये जॉन स्नो यांनी मृत्यूंचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत काढला आणि दोष हवेचा नसून पाण्याचा आहे हे दाखवलं. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू पाहिला, पण जगाने तो मानायला रॉबर्ट कॉख यांचं 1883-84 मधलं इजिप्त आणि कलकत्त्यातलं काम व्हावं लागलं. हा जंतू माणसाला नेमका कसा मारतो, हे 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी उलगडलं. तो आतड्यात विष सोडतो आणि ते विष शरीरातलं पाणी आतड्यात ओढून बाहेर काढतं. म्हणजे माणूस मरतो तो पाणी गेल्याने. गेलेलं पाणी वेळेत भरून दिलं तर तो वाचतो. डे यांच्या या कामाची हवी तशी दखल त्यांच्या हयातीत घेतली गेली नाही, याची खंत वाटते.

पाणी भरून देण्याची कल्पना त्याहून जुनी होती. स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी 1832 मध्येच कॉलऱ्याच्या रुग्णांना शिरेतून क्षारयुक्त पाणी दिलं होतं. पण सलाइनला सुई लागते, निर्जंतुक बाटल्या लागतात, शिकलेले हात लागतात. साथीत या तिन्ही गोष्टी आधी संपतात. तोंडाने पाजलेलं पाणी जुलाबात टिकत नाही, असाच समज होता. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले की आतडं ते पाण्यासकट शोषून घेतं, हे 1960 च्या दशकात प्रयोगशाळांतून स्पष्ट झालं. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत 1968 मध्ये डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने सलाइनची गरज पुष्कळ कमी होते, हे रुग्णांवर सिद्ध केलं. तरीही ते रुग्णालयाच्या शिस्तीतलं यश होतं. छावणीच्या चिखलात ते चालेल यावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता.

तो बसला 1971 मध्ये बनगावला, आणि इथे थोडं थांबायला हवं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवरच पडलेले, त्यांना सलाइन लावायचं तर उलटी-जुलाबाच्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. मूळचे बालरोगतज्ज्ञ असलेले दिलीप महालनबीस यांच्या लक्षात आलं की सलाइन पुरणार नाही आणि लावणारे हातही पुरणार नाहीत. कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरली गेली. छावणीत ती पिंपातल्या पाण्यात कालवून नळाने पेल्यात सोडायची आणि आईने, बापाने, भावाने रुग्णाला पाजायची. छावण्यांमध्ये 30 टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूंचं प्रमाण त्यांच्या केंद्रात 3.6 टक्क्यांवर आलं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. औषध बदललं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते देणारा बदलला. प्रशिक्षित परिचारिकेच्या जागी वाटी-चमचा घेतलेली आई आली. पुढचं सगळं मदतकार्य याच पायावर उभं आहे.

मुलांच्या संस्थांनी हे लवकर ओळखलं. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची बालसंस्था युनिसेफ यांनी 1970 च्या दशकात ओआरएसचं एकच सूत्र जगासाठी ठरवलं. जेम्स ग्रँट युनिसेफचे प्रमुख असताना 1980 च्या दशकात बालकांचे जीव वाचवण्याच्या त्यांच्या मोहिमेतल्या चार मुख्य गोष्टींपैकी ओआरएस ही एक होती. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्याच दशकात घरोघरी जाऊन मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीतलं मीठ अर्धा लिटर पाण्यात कसं कालवायचं हे एक कोटीहून अधिक घरांत शिकवलं. पुढे सूत्र सुधारलं, 2002 नंतर कमी क्षारतेचं ओआरएस आलं. आजच्या एक लिटरच्या पाकिटात 20.5 ग्रॅम पूड असते. 2004 पासून मुलांना जोडीला 10 ते 14 दिवस झिंक देण्याचीही शिफारस आहे.

इतकं हातात असूनही 1994 मध्ये झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहरात अनर्थ घडला. रवांडातल्या नरसंहारानंतर जुलैमध्ये लाखो निर्वासित काही दिवसांत झाईरमध्ये शिरले. खाली कठीण ज्वालामुखी खडक, संडासाचे खड्डे खणता येईनात आणि थडगीही. पाणी किवू सरोवराचं, तसंच उपसलेलं. पहिल्या महिन्यात सुमारे 50,000 माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि आमांशाने. आईबापांपासून तुटलेल्या मुलांच्या केंद्रांत मृत्यूंचं प्रमाण भयंकर होतं. मदतसंस्था तिथे होत्या, औषधं येत होती. बांगलादेशातून मदतीला गेलेल्या अनुभवी पथकाने नंतर नोंदवलं की उपचार केंद्रांतही रुग्ण दगावत होते, कारण सलाइनचा वेग कमी ठेवला जात होता, चुकीची सलाइन लावली जात होती, तोंडावाटे देण्याकडे दुर्लक्ष होतं आणि कॉलरा हाताळलेले कर्मचारी कमी होते. सामान होतं, सराव नव्हता.

या धक्क्यातून आणि रवांडातल्या एकूण मदतकार्याच्या परखड तपासणीतून 1997 मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला आणि मदतकार्याचे किमान निकष लिहिले गेले. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी आणि 20 जणांमागे एक संडास हे आकडे आज छावणीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. आंतरराष्ट्रीय मदतकार्यातल्या 2005 च्या सुधारणांनंतर संस्थांमधल्या कामाची वाटणीही ठरली आणि पाणी व स्वच्छतेच्या समन्वयाची जबाबदारी युनिसेफकडे आली. कॉलऱ्यात म्हणूनच मुलांची संस्था टँकर, क्लोरीन आणि संडासांच्या कामात दिसते. अनेकांना याचं नवल वाटतं, पण मुलाच्या जिवाचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

उपचार केंद्राचं रूपही सरावाने घडलं. आत-बाहेर जायला एकच वाट, दाराशी हात धुण्याची सोय, वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या तीव्रतेचं क्लोरीनचं पाणी. आत कॉलऱ्याची खाट, मधोमध भोक पाडलेली, खाली बादली. ही बादली नुसती स्वच्छतेसाठी नसते. किती गेलं ते तिच्यात दिसतं आणि किती भरून द्यायचं ते त्यावर ठरतं. तीव्र शोष झालेल्या, म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालेल्या मुलाला किलोमागे 100 मिलिलिटर सलाइन द्यायचं असतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ते सहा तासांत, त्यापुढच्या मुलाला तीन तासांत. अंगावरचं दूध थांबवायचं नसतं. अतिकुपोषित मुलांना एरवी जुलाबात वेगळं सौम्य द्रावण देतात, पण कॉलऱ्यात नेहमीचंच ओआरएस द्यायचं. हा फरक नव्या माणसाला आवर्जून सांगावा लागतो. नीट चालणाऱ्या केंद्रात शंभरातला एकही रुग्ण दगावू नये, हीच अपेक्षा.

पण केंद्रापर्यंत न पोहोचलेल्यांचं काय? 2008-09 मध्ये झिम्बाब्वेत 4,000 हून अधिक माणसं गेली, त्यातली अनेक घरीच किंवा वाटेत. 2010 च्या ऑक्टोबरात हैतीत साथ उसळली आणि पुढच्या वर्षांत 8 लाखांहून अधिक लोकांना लागण झाली, सुमारे 10,000 गेले. हैतीत तो जंतू संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून नदीत आला होता. त्याबद्दल क्षमायाचना यायला डिसेंबर 2016 उजाडला. मदतीला येणाऱ्यांच्या संडासाचा मैला कुठे जातो, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक तळावर पहिल्या दिवशी विचारला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हैतीनेच पुढची पायरीही शिकवली. तिथे सरकारच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या फिरत्या पथकांना युनिसेफने पाठबळ दिलं. रुग्ण नोंदला गेला की पथक त्याच्या घरी आणि आसपासच्या घरांत जायचं, क्लोरीन द्यायचं, पाणी कुठून भरता ते विचारायचं. पहिल्या काही दिवसांत नवी लागण बहुधा रुग्णाच्या जवळपासच्याच घरांत होते, या निरीक्षणावर ही पद्धत उभी आहे. येमेनमध्ये 2017 मध्ये दहा लाखांच्या आसपास संशयित रुग्ण झाले तेव्हा तीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरावी लागली. यामुळे केंद्रातल्या नोंदवहीत पत्त्याचा रकाना कळीचा झाला. तिथे नुसतं गावाचं नाव लिहिलं तर पथक दिवसभर फिरत राहतं. कोणत्या विहिरीजवळ, कोणत्या शाळेमागे, हे लिहिलं तर तासाभरात दारात पोहोचतं. पूर्वी ही पथकं घरभर क्लोरीनची फवारणी करत. तिचा फारसा उपयोग नव्हता आणि घरावर कलंक मात्र लागे, म्हणून आता घरच्यांच्याच हातात साबण, क्लोरीन आणि बादली दिली जाते.

लस या सगळ्यात उशिरा आली. तोंडावाटे द्यायच्या स्वस्त लशीला 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि 2013 मध्ये 20 लाख मात्रांपासून आणीबाणीचा जागतिक साठा सुरू झाला. कोणत्या देशाला किती द्यायची हे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेडक्रॉस महासंघ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स मिळून ठरवतात. साठा इतका अपुरा पडू लागला की ऑक्टोबर 2022 मध्ये साथींमध्ये दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. एका मात्रेने मिळणारं संरक्षण कमी काळ टिकतं आणि लहान मुलांमध्ये ते आणखी क्षीण असतं. एक वर्षाखालच्या बाळांना तर ही लस देतच नाहीत. 2024 मध्ये सोप्या प्रक्रियेने बनणाऱ्या नव्या लशीला मान्यता मिळून उत्पादन वाढू लागलं, पण मागणी पुढेच राहिली. त्यामुळे साथीच्या पहिल्या बैठकीत नकाशा समोर ठेवून ठरवावं लागतं, उपलब्ध मात्रा कोणत्या वस्तीला जाणार आणि कोणत्या वस्तीला आत्ता फक्त टँकर आणि ओआरएस जाणार.