माती परीक्षणाच्या अहवालातल्या ‘उपलब्ध पालाश’चा घोळ

जमिनीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, पुष्कळ असते. त्यातले बहुतेक खनिजांच्या थरांत अडकलेले, मुळांच्या वाट्याला येणारे थोडेच. हे थोडे मोजायचे कसे, याचे आपल्याकडे रुळलेले उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यातले आहे: ५ ग्रॅम मातीत २५ मिलि उदासीन अमोनियम अ‍ॅसिटेट हे द्रावण घालायचे, ५ मिनिटे हलवायचे, गाळायचे आणि फ्लेम फोटोमीटर या ज्योतीच्या प्रकाशावरून मोजणाऱ्या उपकरणावर आकडा घ्यायचा. भारतात १९५५-५६ पासून अमेरिकी मदतीने माती परीक्षण प्रयोगशाळा निघाल्या, त्यांत पालाशसाठी हीच रीत रुजली.  

म्हणजे अहवालातल्या ‘उपलब्ध’चा अर्थ एवढाच, की त्या द्रावणाने मातीतून जेवढे ओढले तेवढे. पण खरी गफलत ‘पालाश’ या शब्दातच आहे. मूलद्रव्यालाही (K) पालाश, त्याच्या ऑक्साइडलाही (K₂O) पालाश! हेक्टरी १०८ किलोच्या खाली ‘कमी’ आणि २८०च्या वर ‘जास्त’, ही सर्रास वापरली जाणारी वर्गवारी मूलद्रव्याची. खताची शिफारस मात्र ऑक्साइडमध्ये. वनस्पतींच्या राखेचे पृथक्करण ऑक्साइडच्या रूपात मांडायची एकोणिसाव्या शतकातली सवय खतांच्या व्यवहारात तशीच राहिली. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशखताच्या गोणीवर ऑक्साइडच्या हिशेबाने ६० टक्के लिहिलेले असते. आत मूलद्रव्य सुमारे ५० टक्के, आणि ऑक्सिजन तर औषधालाही नाही, कारण ते खत पोटॅशियम क्लोराइड आहे. अहवालात नुसते ‘पालाश ३००’ (हेक्टरी किलो) असेल तर? मूलद्रव्य धरले तर जमीन ‘जास्त’ गटात. ऑक्साइड धरले तर, १.२ किलो ऑक्साइडमध्ये १ किलो मूलद्रव्य असल्याने, १.२ने भागून २५०, म्हणजे ‘मध्यम’. माती तीच, सल्ला निराळा.

काळ्या जमिनीला हा घोळ जास्त भोवला, असे माझे मत. ती बहुधा ‘जास्त’ गटातच पडते. १९९२मध्ये पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त होऊन महागली, तेव्हा पालाश न घालायला तो शेरा सोयीचाच होता. ऊस-केळीसारखी पिके दर हंगामात किती पालाश उचलून नेतात, हे त्या शेऱ्यात कुठे दिसत नाही.

फेब्रुवारी २०१५मध्ये केंद्र सरकारची जमीन आरोग्य पत्रिका (शेतकऱ्याला मिळणारा माती तपासणीचा अहवाल) आली, तपासण्या १२ झाल्या. नमुना मात्र बागायतीत अडीच हेक्टरांच्या, जिरायतीत १० हेक्टरांच्या चौकोनामागे एक. त्यामुळे एका चौकोनातल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या पत्रिकांवर पालाशचा एकच आकडा छापून आला.