पार्श्वभूमी : चाळीतल्या कांद्याची घट

ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढला की साठेबाजीची ओरड सुरू होते. एप्रिलमध्ये चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरलेल्या मालातला तोवर किती उरला, हे मात्र कुणी विचारत नाही.

उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि नवा लाल कांदा येईपर्यंत देशाला पुरतो. त्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शिवाय काढणीनंतरही कांदा जिवंतच असतो, श्वासोच्छ्वास चालू राहतो आणि आतली साखर खर्च होत जाते. एप्रिल-मेच्या झळांनी पाणी उडतं. पावसाळी दमटपणात सड आणि काळी बुरशी लागते. पुढे सुप्तावस्था संपली की कोंब फुटतात. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत हे सगळं मिळून ३० ते ४० टक्के माल जातो. सडका कांदा निवडून फेकताना दिसतो तरी. उडून गेलेलं वजन कुणाला दाखवणार? आणि बहुतेक वेळा घटीतला मोठा वाटा त्याचाच असतो.

यावरचे उपाय शेतकऱ्यांनीच आधी शोधले. पातीसकट शेतात सुकवणं, मान थोडी राखून पात कापणं, मग सावलीत ठेवणं. जमिनीपासून उंच, खालून हवा खेळणारी चाळ नंतर आली. एन-२-४-१ सारखं टिकाऊ वाण आलं. २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ विकिरण केंद्र लासलगावला उभं राहिलं. गॅमा किरणांनी कोंब थांबतात, पाणी उडणं थांबत नाही. त्यासाठी शीतगृहच लागतं, आणि ते परवडायला हवं.

लासलगाव ज्या निफाड तालुक्यात आहे, तिथेच बेदाणाही होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. ती घट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती बेदाण्याच्या भावात धरली जाते. कांद्याला हा न्याय लागत नाही.

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. चाळीतली घट त्या दिवसांतही चालूच होती. मग सरकारी खरेदीसाठी क्विंटलला २,४१० रुपये दर जाहीर झाला. तोवर २५ टक्केच घट झाली असं धरलं, तरी एप्रिलमध्ये भरलेल्या प्रत्येक क्विंटलमागे शेतकऱ्याच्या हाती येतात सुमारे १,८०० रुपये. निवडाईची मजुरी आणि चाळीचा खर्च त्यातूनच जायचा.