डिझेलच्या फडक्याने बॉनेटखालचं प्लास्टिक 'जिवंत' होत नाही

सर्व्हिसिंगनंतर बॉनेट उघडलं की आतलं काळं प्लास्टिक चकचकीत दिसतं, आणि 'डिझेल मारलं की प्लास्टिक टिकतं' हा समज पक्का होतो. ती चमक म्हणजे नुसता तेलाचा थर. दोन-चार दिवसांत त्यावर धूळ बसून चिकट काळा राप तयार होतो.

खरं नुकसान रबराचं. रेडिएटरचे होज, म्हणजे रबरी पाइप, बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात आणि हे रबर डिझेलसारख्या पेट्रोलियम तेलात फुगतं, मऊ पडतं. रॉकेलचंही तेच. शिवाय गरम एक्झॉस्टजवळ डिझेल साचलं तर आगीचा धोका आहेच.

स्वच्छ करायचं तर आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), फ्यूज बॉक्स आणि हवेच्या इनटेकवर प्लास्टिकची पिशवी बांधा. ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात मिसळून प्लास्टिकवर थेट नाही, ब्रशवर फवारा, खाचा घासा आणि वाळण्याआधीच ओल्या मायक्रोफायबरने पुसा. प्रेशर जेट नकोच, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की मिसफायर (इंजिन झटके खाणं) किंवा चेक इंजिनचा दिवा ठरलेला.

पूर्ण कोरडं झाल्यावर पाण्यावर आधारित ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकला काळेपणा देणारं द्रव, स्पंजवर घेऊन पातळ लावा. दहा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. हात लावल्यावर तेलकट लागलं तर जास्त झालंय. फॅन बेल्टवर मात्र थेंबही जाऊ देऊ नका, बेल्ट घसरतो आणि किंचाळतो.

उन्हाने पांढुरकं पडलेलं प्लास्टिक ड्रेसिंगने काळं दिसतं, दुरुस्त होत नाही.