‘सगळ्यात पातळ काच द्या’ म्हणण्याआधी

चष्मा करायला आलेले बरेच जण नंबरचा कागद पुढे करतात आणि लगेच म्हणतात, "सगळ्यात पातळ काच द्या." चष्मा तयार झाला की त्यांच्यातलेच काही परत येतात. एकाला काठ तरीही जाड वाटतो, दुसऱ्याला दिव्यांच्या कडेला रंग दिसतात. मग काचा पुन्हा मागवा, पुन्हा फिटिंग करा, आणि तोवर तुम्ही जुन्या चष्म्यावर दिवस काढा. हे टाळता येतं. त्यासाठी आधी फ्रेम आणि मग काच, हा क्रम पाळावा लागतो.

मायनस नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. बाहुलीसमोरच्या बिंदूपासून फ्रेमची कड जितकी लांब, तितका काठ जाड. ही वाढ अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने होते, त्यामुळे थोडी मोठी फ्रेमही बरीच महागात पडते. मायनस ४ नंबर घ्या. (इंडेक्स म्हणजे काचेचं मटेरियल प्रकाश किती वाकवतं तो आकडा. तो जितका मोठा, तितकी काच पातळ.) कड बाहुलीपासून २५ मिलिमीटरवर असेल, तर १.६० इंडेक्सच्या काचेचा काठ मध्यापेक्षा साधारण २.१ मिलिमीटरने जाड होतो. तीच कड ३० मिलिमीटरवर नेली, तर १.७४ इंडेक्सची काच घालूनही काठ २.४ मिलिमीटरने जाड होतो. म्हणजे पैसे जास्त मोजून काठ जाडच.

म्हणून आम्ही आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवतो, दोन्ही डोळ्यांचं पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, वेगवेगळं घेतो, डमी काचेवर पेनाने बाहुलीची खूण करतो आणि मगच मटेरियलवर बोलतो. याला वेळ लागतो, हे मान्य. मोठी फ्रेमच मनात भरली असेल तर जरूर घ्या. काठ अंदाजे किती येईल तो आकडा आम्ही ऑर्डरआधी सांगतो, तो ऐकून ठरवा. ऑर्डर गेल्यावर मात्र फ्रेम बदलू नका. प्लस नंबरवाल्यांनी तर हे नक्कीच लक्षात ठेवावं. त्यांच्या काचेची जाडी मध्ये असते आणि फ्रेमच्या मापाप्रमाणे बनवून घेतली तर ती बरीच कमी होते. पण मग तीच काच त्याहून मोठ्या फ्रेमला पुरत नाही.

आता मटेरियल. दोनपर्यंतच्या नंबरला आम्ही साधी प्लास्टिक काच, म्हणजे १.५० इंडेक्सची सीआर-३९ सुचवतो. दीड नंबरला, २५ मिलिमीटरवर, १.५० आणि १.६७ यांच्या काठात पाव मिलिमीटरचाच फरक पडतो. शिवाय सीआर-३९ चा ॲबे नंबर ५८ च्या आसपास आहे. हा आकडा जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात. १.६० चा तो साधारण ४०, १.६७ चा ३२ आणि पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकचा ३०. नंबर मोठा असेल आणि डोळे कडेला वळवून बघायची सवय असेल, तर खिडकीच्या चौकटीला किंवा पांढऱ्या पडद्यावरच्या काळ्या अक्षरांना रंगीत किनार दिसते ती यामुळेच. काही जणांना ती जाणवतही नाही, काहींना दिवसभर खुपते. चार-पाच नंबरला आमची पहिली पसंती १.६० ला असते ती याच कारणाने. १.६७ किंवा १.७४ आम्ही त्यापुढच्या नंबरांसाठी काढतो.

पातळ म्हणजे हलकी, असंही नाही. १.७४ च्या काचेची घनता दर घन सेंटिमीटरला १.४७ ग्रॅम आहे, पॉलिकार्बोनेटची १.२० आणि ट्रायवेक्स या दुसऱ्या मजबूत प्लास्टिकची १.११.

लहान मुलं, खेळाडू आणि एकाच डोळ्याने नीट दिसणारी माणसं यांच्यासाठी आम्ही दुसरा विचार करत नाही: पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायवेक्स. दोन्ही आघात चांगला सोसतात. ट्रायवेक्समधून जास्त स्वच्छ दिसतं, पण ती किंचित जाड होते. रिमलेस फ्रेमलाही याच काचा घ्या, कारण सीआर-३९ स्क्रूच्या भोकापाशी तडकते. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, म्हणून हार्ड कोटिंग हवंच. नेलपेंट काढायचं ॲसिटोन तिच्याजवळही नेऊ नका. काच कायमची खराब होते.

हाय इंडेक्स काच आम्ही अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगशिवाय देत नाही. त्यात आमचीही विक्री होते, हे उघड आहे. पण साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ वरून १२ टक्के. कोटिंग नसेल तर रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेत दुहेरी दिसतात आणि फोटोत तुमच्या डोळ्यांऐवजी चमक येते.

येताना जुना चष्मा बरोबर आणा, तुटका असला तरी. त्याच्या काचेचं मटेरियल, वक्रता आणि सेंटर आम्ही तपासून घेतो. त्यात तुम्हाला काय खटकत होतं, तेही सांगा.