अवकाशातील प्रारण आणि कर्करोग

अवकाशातील उच्च ऊर्जेचे कण मानवी पेशींतून आरपार जाताना डीएनए तोडतात. ही तूट चुकीची सांधली गेली, तर त्या पेशीच्या वंशातून काही वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. पृथ्वीवर वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र बहुतेक कण अडवतात. अंतराळवीरांना मात्र हे कवच अपुरे मिळते, आणि चंद्राच्या वा मंगळाच्या वाटेवर ते जवळजवळ नसतेच.

हे कण मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात. सूर्यावरील उद्रेकांतून प्रोटॉनांचे लोट बाहेर पडतात. ऑगस्ट १९७२ मध्ये असा एक प्रचंड लोट आला, तेव्हा अपोलो १६ परतले होते आणि अपोलो १७ निघायचे होते. केवळ योगायोगाने चंद्राच्या वाटेवर कोणी नव्हते. दुसरा स्रोत म्हणजे सूर्यमालेबाहेरून सतत येणारे विश्वकिरण. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून उंचावर जाऊन त्यांचा शोध लावला. त्यांत सुमारे ८७ टक्के प्रोटॉन, १२ टक्के हीलियमची केंद्रके आणि जेमतेम १ टक्का जड केंद्रके असतात. चिंता आहे ती या एका टक्क्याची.

कण पेशीत किती ऊर्जा सोडतो, हे त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर अवलंबून असते. लोहाच्या केंद्रकाचा भार २६, म्हणून तेवढ्याच वेगाच्या प्रोटॉनच्या मानाने ते ६७६ पट ऊर्जा सोडते, आणि तीही एका अरुंद सरळ रेषेत. क्ष-किरणांनी होणारी इजा पेशीभर विखुरलेली असते. लोहकणाच्या मार्गात डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि आसपासचे बेसही, म्हणजे धाग्यांवरची रासायनिक अक्षरेही, बिघडतात. दहावीस बेसजोड्यांच्या टप्प्यात अनेक इजा एकवटतात. तुटीच्या जागी जमणाऱ्या प्रथिनांना चकाकता रंग दिला, की पेशीकेंद्रकातून गेलेला कणाचा मार्ग सूक्ष्मदर्शकाखाली रेघेसारखा दिसतो.

पेशी मरून गेली, तर कर्करोगाच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटतो. धोका असतो तो वाचलेल्या पेशीचा. दुरुस्तीची अचूक पद्धत डीएनएची दुसरी प्रत समोर ठेवून चालते. पण विभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार झालेली असेल, तेव्हाच ती शक्य होते. एरवी पेशी तुटकी टोके नुसती जोडून टाकते. टोके अनेक असली की भलतीच टोके एकमेकांना जोडली जातात आणि गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात किंवा उलटे बसतात. ९ आणि २२ या गुणसूत्रांतील अशाच एका अदलाबदलीतून दीर्घकालिक मज्जाभ रक्तकर्क होतो. पी५३सारखे रखवालदार जनुक निकामी झाले, तर सदोष पेशीचे विभाजन थांबवणारा एक मोठा अडसर जातो. शिवाय ज्यांना कण लागलाच नाही, अशा शेजारच्या पेशींतही बदल दिसतात, असे अल्फा कणांच्या (म्हणजे हीलियमच्या केंद्रकांच्या) प्रयोगांतून १९९२ मध्ये आढळले.

अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यांच्या २०१५-१६ मधील आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या सुमारे वर्षभराच्या मुक्कामात त्यांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांचे उलटे बसलेले तुकडे वाढले आणि परतल्यावरही ते टिकून राहिले. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या वाटेवरची खूण मात्र आहे. अंतराळवीरांमध्ये कर्करोगाची स्पष्ट वाढ दिसलेली नाही. पण त्यांची संख्या फार कमी, निवड अतिशय निरोगी माणसांची, आणि बहुतेकांची उड्डाणे पृथ्वीजवळची. त्यामुळे धोक्याचा हिशेब हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या नोंदींवर करावा लागतो. त्यांना एका क्षणात, मुख्यतः गॅमा किरण लागले होते. अंतराळवीरांना वेगळे कण महिनोन्‌महिने लागतात. हे अंतर भरण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००३ पासून प्रवेगकातील (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातील) जड कणांचा मारा पेशींवर आणि उंदरांवर केला जातो. लोहकण अर्बुदे (गाठी) निर्माण करण्यात गॅमा किरणांपेक्षा कितीतरी प्रभावी असल्याचा जुना पुरावा मात्र उंदरांच्या डोळ्यांमागील हार्डेरियन ग्रंथीवरचा आहे, आणि ती ग्रंथी माणसात विकसित झालेलीच नसते.

जाड भिंतीने प्रश्न सुटत नाही. ॲल्युमिनियमवर आदळलेली जड केंद्रके फुटतात आणि न्यूट्रॉनांसह दुय्यम कण आत शिरतात. पॉलिथिलीन किंवा पाणी यांसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ त्याहून बरे ठरतात. मंगळाकडे निघालेल्या क्युरिऑसिटी यानाने २०११-१२ च्या प्रवासात रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीरावरील प्रारणाचा परिणाम मोजण्याचे एकक) मात्रा मोजली; त्यावरून मंगळाला जाण्यायेण्याची मात्रा ६६० मिलिसिव्हर्टच्या आसपास येते, मंगळावरील मुक्काम वेगळा. नासाने २०२२ मध्ये संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे.