इम्प्लांट एवढं वर का दिसतंय?

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईचे पहिल्या पंधरवड्यातले प्रश्न जवळपास ठरलेले असतात. दोन्ही बाजू एवढ्या वर का? वरचा भाग टम्म आणि खालचा सपाट का? स्तनाग्रं खाली का वळलीत? आणि डावं उजव्यापेक्षा वर का बसलंय? सर्जनचं उत्तरही ठरलेलं: "सेटल होईल." उत्तर खरं आहे, पण घरी जाऊन झोप लागावी इतकं पुरेसं नाही. सेटल होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं तर वाट बघणं जरा सोपं जातं.

बऱ्याच शस्त्रक्रियांमध्ये इम्प्लांटचा निदान वरचा भाग छातीच्या मोठ्या स्नायूखाली असतो. हा स्नायू छातीच्या मधल्या हाडापासून, गळपट्टीच्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघून पंख्यासारखा गोळा होत दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. इम्प्लांटसाठी जागा करताना तो बरगड्यांवरून उचलावा लागतो आणि बहुतेक वेळा त्याचा खालचा काठ सोडवावा लागतो. एवढं झाल्यावर स्नायू आखडतो. आखडलेला स्नायू इम्प्लांटला छातीवर दाबून धरतो, खाली उतरू देत नाही. पहिल्या दिवसांत बायका "छातीवर कुणीतरी बसलंय" म्हणतात ते यामुळेच. इम्प्लांट स्नायूच्या वर, स्तनाच्या ग्रंथीखाली ठेवलेलं असेल, तर हा जाच बराच कमी असतो आणि ते लवकर जागेवर येतं. म्हणून मैत्रिणीचं महिन्यात नीट झालं, माझं का नाही, या तुलनेला अर्थ नाही. तिचं इम्प्लांट कुठल्या थरात आहे, हे बहुधा तिलाही ठाऊक नसतं.

दुसरी अडचण कातडीची. स्तनाच्या खालच्या अर्ध्या भागातल्या कातडीवर इतका भार आधी कधी आलेला नसतो. सिलिकॉन जेलची घनता पाण्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे 300 सीसीचं इम्प्लांट म्हणजे साधारण 300 ग्रॅम वजन. ते दिवसभर खाली ओढतं. कातडी रबरासारखी लगेच ताणली जात नाही. तिच्यातले कोलॅजनचे तंतू सततच्या भाराखाली हळूहळू सरळ होतात, एकमेकांवरून सरकतात आणि मग तो ताण अंगवळणी पडतो. नवी कोल्हापुरी पायाला बसते ती अशीच, रोज थोडी थोडी. स्नायू सैलावणं आणि खालची कातडी ताणली जाणं या दोन गोष्टी जुळल्या की इम्प्लांट खाली येतं, खालचा भाग भरतो आणि स्तनाग्र समोर वळतं. याला सहसा सहा आठवडे ते तीन महिने लागतात, काहींना सहाही.

यात सूज असतेच. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत जास्त असते, बरीचशी महिन्याभरात ओसरते, पण उरलेली काही महिने रेंगाळते. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात आरशात दिसतो तो इम्प्लांट, सूज आणि आखडलेला स्नायू यांचा एकत्रित आकार. त्यावरून शस्त्रक्रिया फसली की जमली हे ठरवणं घाईचं आहे.

डाव्या-उजव्यातला फरक तर बहुतेक जणींमध्ये शस्त्रक्रियेआधीपासून असतो. बरगड्यांचा बाक, स्तनाग्रांची उंची, खालची घडी, काहीच तंतोतंत सारखं नसतं. फक्त आधी कुणी इतकं न्याहाळून पाहिलेलं नसतं. त्यात एक हात जास्त वापरात असतो, त्या बाजूचा स्नायू बळकट असतो आणि तो उशिरा ढिला पडू शकतो. एक बाजू आधी उतरली आणि दुसरी काही आठवडे मागे राहिली, तर ते नेहमीचंच.

खरी गंमत आतल्या आवरणाची आहे. शरीराला परकी वस्तू गिळता आली नाही की ते तिच्याभोवती भिंत बांधतं. इम्प्लांटभोवतीही कोलॅजनची पातळ पिशवी विणायला पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात होते. 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट बसवलं, तेव्हापासून आजवर साहित्य बरंच बदललं, पण ही पिशवी टळलेली नाही. टळूही नये, कारण पुढे इम्प्लांटला जागेवर धरून ठेवायला तीच मदत करते. बिघडतं ते पिशवी जाड होऊन आवळू लागली की. मग स्तन टणक होतो, वर ओढला जातो, काही वेळा दुखू लागतो. सर्जन याच्या चार पायऱ्या मोजतात. पहिलीत सगळं मऊ, चौथीत कडक, वेडंवाकडं आणि दुखरं. पण हे सहसा पहिल्या पंधरवड्यात होत नाही. तेव्हाचा कडकपणा बहुधा सुजेचा. छान उतरलेलं, मऊ झालेलं इम्प्लांट काही महिन्यांनी पुन्हा घट्ट होऊन वर चढू लागलं, तर मात्र दाखवून यावं.

सुरुवातीला वर असलेल्या इम्प्लांटपेक्षा मला सुरुवातीपासून खाली असलेल्याची काळजी जास्त वाटते. वरचं खाली येऊ शकतं. खाली घसरलेलं आपोआप वर चढत नाही. स्तनाखालची घडी मोकळी करताना ती जास्त सुटली, तर इम्प्लांट घडीच्या खाली उतरत जातं, स्तनाग्र आणि घडी यांतलं अंतर वाढतं आणि स्तनाग्र वर बघू लागतं. कधी ते काखेकडे सरकतं. आडवं झाल्यावर थोडं बाहेर जाणं स्वाभाविक आहे, पार काखेत जाणं नाही. उलट दोन्ही इम्प्लांट मध्ये येऊन छातीच्या हाडावरची दरीच बुजली, तर तेही लवकर दाखवायला हवं.

म्हणूनच कुणाला छातीच्या वरच्या बाजूने पट्टा बांधायला सांगतात, कुणाला फक्त आधार देणारी, तार नसलेली ब्रा. मालिशही तसंच. एका सर्जनने सांगितलेलं मालिश दुसऱ्याच्या पेशंटला लागू पडेलच असं नाही. इम्प्लांट थेंबाच्या आकाराचं असेल, तर चोळून ते आत फिरू शकतं, आणि मग आकार बिघडतो. हाताने खाली ढकलून पाहण्याचा मोह आवरावा हे बरं.

फोटो काढायचेच तर आठवड्यातून एकदा, त्याच जागी, हात खाली सोडून, मोबाईल छातीच्या उंचीवर धरून. वरून काढलेल्या सेल्फीत वरचा फुगवटा दुप्पट दिसतो आणि रात्रीची झोप उडते. आजचा आकार कसा आहे यापेक्षा तो गेल्या आठवड्यापेक्षा कुठल्या दिशेने बदललाय, हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

काही गोष्टींना मात्र पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही. एकच बाजू काही तासांत फुगली, टणटणीत झाली, दुखू लागली, निळसर पडली, तर आत रक्त साचत असू शकतं. बहुतेकदा हे पहिल्या एक-दोन दिवसांत होतं आणि त्याच रात्री शस्त्रक्रियागृहात न्यावं लागू शकतं. ताप, वाढती लाली, जखमेतून पाणी किंवा पू येणं ही संसर्गाची लक्षणं. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर सर्जनच्या फोनची वाट न बघता तडक इमर्जन्सीत जावं.

हे काही नसेल आणि तरीही सहा महिन्यांनी इम्प्लांट चुकीच्या जागी दिसत असेल, तर दुरुस्तीचा विचार होतो. एवढं थांबवण्यामागे सर्जनची टाळाटाळ नसते. सरकलेलं इम्प्लांट जागेवर आणताना बहुतेकदा शरीराने विणलेल्या त्याच पिशवीला टाके घालून ती छोटी करतात, आणि पिशवी कोवळी असताना त्यात टाका धरत नाही.