टेर ब्लांश यांच्या मुलाखतीमागे लागलेला कॅमेरा

ब्रिटिश माहितीपटकार निक ब्रूमफील्ड यांचा 'द लीडर, हिज ड्रायव्हर अँड द ड्रायव्हर्स वाइफ' हा माहितीपट 1991 साली ब्रिटनच्या चॅनेल 4 वर आला. मुलाखत हवी होती दक्षिण आफ्रिकेतल्या कडव्या गोऱ्यांचे पुढारी यूजीन टेर ब्लांश यांची. भेटत राहिले ते त्यांचा चालक आणि त्याची बायको.

टेर ब्लांश पूर्वी पोलिसात होते. 1973 मध्ये हायडेलबर्ग गावी सहा साथीदारांसह त्यांनी 'एडब्ल्यूबी' (आफ्रिकानर प्रतिकार चळवळ) ही संघटना काढली. झेंड्यावर सातचा आकडा तीनदा, पण मांडणी अशी की लांबून स्वस्तिकच वाटावे. 1979 मध्ये एका इतिहासकाराला भर सभेत डांबर फासून पिसे चिकटवली, तेव्हा संघटना देशभर गाजली. 2 फेब्रुवारी 1990 रोजी अध्यक्ष डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठवली आणि नऊ दिवसांनी मंडेला सुटले. मग परदेशी पत्रकारांची रीघ लागली. खाकी गणवेश, घोडा, घणाघाती भाषण, म्हणजे वृत्तवाहिन्यांना आयताच मालमसाला. टेर ब्लांश यांना प्रसिद्धी हवीच होती. प्रश्न तेवढे नको होते.

वेळ देणे, ताटकळत ठेवणे, ऐनवेळी नाही म्हणणे हे नेत्यांचे जुनेच हत्यार. पूर्वी असा नकार पडद्यावर यायचाच नाही, कारण दिवे मांडून बसलेल्या पथकाला दाराशी चित्रीकरण करता येत नसे. 1960 च्या सुमारास खांद्यावरचा 16 मिलिमीटर कॅमेरा आणि नाग्रा ध्वनिमुद्रक आले. अमेरिकेत रॉबर्ट ड्रू यांनी 'प्रायमरी' या माहितीपटात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्या केनेडी आणि हम्फ्री यांचा प्रचार असाच टिपला, पण तिथे चित्रपटकर्ते स्वतः अदृश्य राहिले. ब्रूमफील्डही आधी याच वळणाचे. 1988 च्या 'ड्रायव्हिंग मी क्रेझी'त निर्मितीचाच खेळखंडोबा झाला आणि ते स्वतः पडद्यावर आले.

टेर ब्लांश यांच्या वेळी कॅमेरा बॅरी अ‍ॅक्रॉइड यांच्याकडे होता. ब्रूमफील्ड कानाला हेडफोन लावून, हातात बूम (लांब दांड्यावरचा माइक) घेऊन आवाज मुद्रित करत आणि प्रश्नही तेच विचारत. म्हणून बूमसकट ते चौकटीत दिसतात. ती नुसती ऐट नव्हे. अडचण फिल्मची. 400 फुटांचे रीळ जेमतेम 11 मिनिटे चालते आणि मॅगझिन (कॅमेऱ्यावरची रिळाची पेटी) बदलताना नेता बाहेर आला तर हाती फक्त आवाज उरतो. दार उघडल्यावर कॅमेरा सुरू केला तर नकाराचे पहिले वाक्यच निसटते. त्यामुळे कडी वाजवायच्या आधीच रीळ फिरू लागलेले बरे. चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी पाटीचा क्लॅप तोंडासमोर वाजवला की माणूस सावध होतो, म्हणून अशा कामात तो शॉटच्या शेवटी, पाटी उलटी धरून देतात.

अखेर मुलाखत मिळते, पथक उशिरा पोहोचते आणि टेर ब्लांश भडकतात. संघटना काढायचे नेमके कधी ठरवले, या साध्या प्रश्नावर गाडी अडून बसते. मुद्दाम डिवचल्याचा आक्षेप यावर घेतला जातो, तो अगदीच गैरलागू नाही. राजकीय माहिती म्हणून मुलाखत पोकळच आहे. संघटनेचा खरा अंदाज चालकाच्या घरातल्या गप्पांतून येतो. चित्रपटातल्या स्वतःबद्दलच्या उल्लेखांवरून एका स्तंभलेखिकेने लंडनमध्ये चॅनेल 4 वर बदनामीचा खटला भरला. 1992 मध्ये ती हरली.

ब्रूमफील्ड यांनी हाच पवित्रा 1994 च्या 'ट्रॅकिंग डाउन मॅगी'त वापरला. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर आत्मचरित्राच्या प्रचारात गुंतलेल्या असूनही त्यांची मुलाखत मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही.